सुपातलं बी

शिवगामीच्या घरात मिरचीचं बी वाया गेलं की आभाळ कोसळायचं. कुळंबूच्या, म्हणजे आंबट-तिखट आमटीच्या, पुडीसाठी धणे, मिरच्या, मिरी, मेथी गच्चीवर वाळत पडली, की देठं खुडताना निसटलेलं बीसुद्धा वेचून पुडीत जायलाच हवं. कालच तिने नव्या सुनेला, पूंगोदैला, मूठभर बी केरात टाकताना पकडलं आणि तिच्या माहेरचा उद्धार केला. "तुझ्या आईकडे मिरच्या फुकट मिळतात वाटतं?" आणि हे शेजारच्या चार गच्च्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

म्हणून आज सकाळी पूंगोदैने गच्चीचा कानाकोपरा धुंडाळला. कठड्यापाशी लहान सुपात दोन मुठी बी दिसलं. जरा काळपट, जरा जाड. शंका आली नाही असं नाही. पण खाली जाऊन विचारायचं म्हणजे पुन्हा बोलणी. तिने ते मिरच्यांत ओतलं, सगळं कढईत भाजलं आणि गिरणीतून दळून आणलं.

नव्या पुडीचा पहिला घास शिवगामीचा, ही या घरची रीत. ऊन भातावर दोन मोठे चमचे कोमट पूड, वर तिळाचं तेल, आणि कालवलेल्या परातीतच ती जेवायला बसली.

"कडवट लागतेय. मेथी करपवलीस ना? एक काम धड करशील तर शपथ!"

तरी भात संपवला. टाकायचं म्हटलं की तिच्या जिवावर यायचं.

तासाभराने सासऱ्यांची हाक आली. अंबलवाणर वैद्य गच्चीवरून विचारत होते, "अगं, कठड्यापाशी सुपात औषधाला धोत्र्याचं बी वाळत घातलं होतं. कुणी हलवलं?"

पूंगोदै त्याच पुडीचं कुळंबू ढवळत होती. 'वाऱ्याने उडालं असेल मामा,' हे शब्द जिभेच्या टोकापर्यंत आले. खरं सांगितलं तर उद्या माहेरची वाट. आणि अत्तैने, सासूबाईंनी, तर दोनच चमचे पूड खाल्लीय, तेवढ्याने काय होतंय? माणूस भ्याला की स्वतःलाच कसा फसवतो बघा.

"पाणी आण गं!" बाहेरच्या खोलीतून शिवगामी ओरडली. "घशाला नुसती कोरड पडलीय."

हा चौथा तांब्या होता. पूंगोदै दारापर्यंत गेली.

"आणि ती खिडकी लाव. उजेड डोळ्यांत घुसतोय."

सासूचा चेहरा लालबुंद झाला होता. डोळ्यांतल्या बाहुल्या पसरून नुसती काळी भोकं दिसत होती. पूंगोदैच्या हातून तांब्या निसटला.

"मामा!" ती किंचाळली. "ते बी मी पुडीत घातलं! अत्तैने खाल्लंय, मामा!"

वैद्य धडपडत खाली आले. त्यांनी बायकोची नाडी धरली, डोळे पाहिले. गावाला शिंकेवरसुद्धा तीन काढे सांगणारा हा माणूस, पण आज त्याच्या तोंडून एक औषध फुटेना.

"रिक्षा बोलाव," ते म्हणाले. "मोठ्या दवाखान्यात न्यायचं. पूड बरोबर घे, डॉक्टरांना दाखवायला. गॅस बंद कर, त्या कुळंबूला कुणी बोट लावायचं नाही."

रिक्षात शिवगामीचं अंग तव्यासारखं तापलं होतं. पूंगोदैने तिला दोन्ही हातांनी कवटाळलं.

"अत्तै, मला शिव्या द्या हो. माहेर काढा माझं. काहीतरी बोला!"

शिवगामीने तिच्याकडे पाहिलं, पण ओळख पटली नाही. मग ती वाकली आणि आपल्या रिकाम्या मांडीवरून चिमटीने काहीतरी वेचू लागली. एकेक करून, जपून. वेचलेलं सगळं ती पूंगोदैच्या तळहातावर ठेवत होती.

"नीट धर हं बाई," ती हळूच म्हणाली. "सून नवी आहे माझी, सांडते. मी फार ओरडते तिला. शिकेल हळूहळू, गुणाची आहे."

पूंगोदैने ती रिकामी मूठ घट्ट मिटली. दवाखान्याचं दार येईपर्यंत ती उघडायचं धाडस तिला झालं नाही.