पुढचं बटन तिचं

मी कडूबाई. जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याची कंपनी आहे, तिथं पाकिटं भरायच्या लाइनीवर सगळ्यात पुढं उभी राहते ती मीच. वयानं मोठी, आवाजानं त्याहून मोठी. शाळेत दुसरीपर्यंत गेले. तेवढ्यातच मास्तर थकले.

औंदा कंपनीनं हातानं भरणं बंद करून मशीन आणलं आणि आम्हाला शिकवायला पुण्याहून अक्षता मॅडम आल्या. हॉलमध्ये खुर्च्या, पडद्यावर चित्रं. आमच्या लाइनीवर सासू-सून जोडीनंच कामाला येतात. म्हणून पुढच्या रांगेत सासवा, मागच्या रांगेत डोक्यावर पदर घेऊन सुना. दर चित्रामागं मॅडम विचारायच्या, "समजलं का?" मी सगळ्यांच्या वतीनं म्हणायची, "हो, बराबर समजलं." मोठ्या बाईनं हो म्हटलं की सगळ्यांचं हो. आणि पाहुणी एवढा घसा कोरडा करून राह्यली, तिला न्हाई कसं म्हणायचं?

मंग झाली चाचणी. मशीनमध्ये पाकीट अडकलं, लाल दिवा लागला. मी हे दाबलं, ते दाबलं. सोयाबीनचं बी भळाभळा फरशीवर सांडलं. मोठे साहेब समोरच उभे. म्हणाले, "मॅडम, या बायांच्या डोक्यात मशीन शिरणार नाही. उद्या एकदा बघतो. नाहीतर सोमवारपासून आयटीआयची पोरं लावतो, यांना घरी पाठवतो."

घरी! जणू मी त्यांच्या घरी पाहुणी आल्ते.

परतीच्या टेम्पोत बसलो. माझी सून प्रांजली हळूच पुटपुटली, "आधी मशीन बंद करायचं होतं, मंग झाकण उघडायचं."

"तुला येत होतं?"

"हो, आत्या."

"मंग तोंडात गुळणी धरली होती का?"

"चारचौघीत तुमची चूक कशी काढू?"

माझ्याच लाइनीवरच्या प्रभावतीच्या सुनेकडं, भावनाकडं मी पाहिलं. तिनं मान खाली घातली. म्हणजे तिलाही येत होतं! मागची रांग शिकून बसल्ती आणि पुढची रांग नुसती हो-हो करत होती. असा संताप आला! कुणाचा, ते विचारू नका.

सकाळी मॅडमला दारातच गाठलं. "हॉलला कुलूप लावा. जल्दी मशीनपाशी चला. आणि ते समजलं का, समजलं का बिलकुल बंद. तुम्ही विचारलं की मी हो म्हणणार. काही कळलं न्हाई तरी हो म्हणणार."

"मग कळलंय की नाही ते मला कसं समजणार?"

"आम्हाला हात लावू द्या. सासू चुकली की सून बोलंल."

"बोलेल?"

"माझा हुकूम आहे."

हुकमानं काही झालं न्हाई. प्रभावती चुकली आणि भावना पदराचं टोक चावत उभी राहिली. तेव्हा युक्ती मॅडमनंच काढली. "जी चूक पकडेल, पुढचं बटन तिचं."

झालं! त्या चकचकीत बटनांसाठी सुनांचे हात कधीचे शिवशिवत होते. भावना बोलली, मंग दुसरी, तिसरी. सासवा लालबुंद झाल्या, पण शिकल्या. एकटी प्रांजली गप्प. मीही चुकत नव्हते म्हणा.

दुपारी साहेब आले. परक्या माणसासमोर सगळ्यांचे पदर पुन्हा पुढं ओढले गेले. मी मशीनपाशी. पाकिटं भराभर पडायला लागली आणि मध्येच एक अडकलं. साहेबांकडं एक नजर टाकून मी ऐटीत झाकणाला हात घातला.

"आत्या, हात काढा! आधी लाल बटन!"

प्रांजली. एवढा मोठा आवाज तिच्या गळ्यात आहे, हे तिच्या लग्नापासून मला कधी कळलं नव्हतं.

"अगं बाई, सासूवर वरडली," प्रभावती म्हणाली. सगळ्यांचे डोळे माझ्यावर. अंगाची नुसती लाही झाली. पण मी बाजूला झाले.

"ये पुढं. बटन तुझं."

तिनं मशीन थांबवलं, झाकण उघडलं, पाकीट काढलं. एक दाणा सांडला न्हाई.

साहेब खुश. "वा! मग सुना ठेवू. म्हाताऱ्यांना सुट्टी."

"म्हातारी कुणाला म्हणता?" मी कमरेवर हात ठेवले. "ती वरडली अन् मी ऐकलं, तवा मशीन चाललं. तुमची पोरं चुकली तर त्यांच्यावर कोण वरडणार? तुम्ही? तुम्ही तर कधी हापिसाबाहेर येत न्हाई. आम्ही जोडीनं येतो. सासवा काढल्या तर सुनाही येणार न्हाईत. काय गं?"

"न्हाई येणार," मागची रांग एका सुरात म्हणाली. यावेळी त्यांच्या वतीनं मी बोलले नव्हते.

अक्षता मॅडम पुढं झाल्या. "सर, परीक्षा लाइनची होती. लाइन पास आहे."

साहेबांनी एकदा मशीनकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. "सोमवारी वेळेवर या," एवढंच म्हणाले.

"आम्ही कधी उशिरा आल्तो?" मी विचारलं. ते गेल्ते.

प्रभावती आता गावभर सांगती की कडूबाई मुद्दाम चुकली, सुनेला पुढं करायला. अजिबात न्हाई. मी खरंच चुकले, आणि कुणाच्या बापाला भीत न्हाई सांगायला.

संध्याकाळी जेवायला बसलो. वरण मी केलं होतं. प्रांजलीनं घास घेतला, थांबली.

"आत्या, मीठ पडलं न्हाई."

माझ्या लेकाचा, करणचा घास हातातच राहिला. मी मिठाचा डबा तिच्याकडं सरकवला.

"मंग टाक. आणि उद्याचं वरण तुझं."