म्हातारा वैद्य आणि चौथा अटेम्प्ट

मानसच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी मोजून घेऊ. गुडगावच्या गेम कंपनीत टीम लीडची खुर्ची, काचेची केबिन, आणि मयूर विहारहून दोन बस बदलत येण्याऐवजी ऑफिसची गाडी. बदल्यात एकच गोष्ट सिद्ध करायची होती: ऑनलाइन गेममधलं पात्र म्हातारं होऊन कायमचं मरणार असेल, तर खेळणारा पळत नाही, उलट जास्त खेळतो.

त्यासाठी पात्राला जीव लावणारा माणूस हवा होता. तो नात्यातच निघाला. मावसभाऊ धवल, परभणीचा, करोल बागेत खोली घेऊन कलेक्टर व्हायच्या तयारीत. मानसने त्याला ऑफिसचा जुना कॉम्प्युटर आणि इंटरनेट बसवून दिलं.

"अभ्यासातून तासभर खेळ. दिमाग फ्रेश होतो, यार."

धवलने वैद्य निवडला. खरे दोन दिवस म्हणजे गेममधलं एक वर्ष. जानेवारीअखेर विशीत असलेला वैद्य एप्रिलअखेर पासष्टीला आला आणि खोकू लागला. रोज तासन् तास हिंडून जडीबुटी आणली तर जगेल, एक दिवस चुकला तर संपला. नियम मानसनेच लिहिला होता. गेममध्ये चाचणीला घेतलेले शे-दीडशे खेळाडू धवलला 'वैद्यबाबा' म्हणत. बाहेर त्याला कुणी काहीच म्हणत नव्हतं.

त्याचा फोन आला. "मानसदादा, म्हाताऱ्याचं वय तीन आठवडे थांबव ना. प्रिलिम होऊ दे. चौथा अटेम्प्ट आहे, घरच्यांनी दिलेला शेवटचा."

"मग सोड की त्याला. गेम आहे तो!"

"सोडता आला असता तर तुला कशाला फोन केला असता?"

एक आकडा बदलायचा होता, बस. पण त्याच्या बॉस इशिता मॅडमना नेमका याच आठवड्यांचा आलेख हवा होता.

"नियम सगळ्यांना सारखा," मानस म्हणाला, अगदी लोकसेवा आयोगाच्या थाटात.

रोज सकाळी चहाबरोबर तो धवलचे तास बघायचा. चार. सात. अकरा. रेघ छान चढत होती. एकदा न राहवून त्याने फोन केलासुद्धा, आणि "अभ्यास कसा चाललाय?" एवढंच विचारून ठेवून दिला.

परीक्षेच्या रविवारी धवल पेपरला बसला. जडीबुटी चुकली, वैद्य मेला. पुढे निकाल लागला, त्यात धवलही नव्हता.

मानस टीम लीड झाला. गेम बाजारात आल्यावर खेळाडूंनी असा गोंधळ घातला, की दिवाळीच्या आत कंपनीने मरणाचा नियम मागे घेतला आणि मेलेली सगळी पात्रं उठवली.

कौशल्यामावशीचा परभणीहून फोन आला. "धवल परत आला रे. पण दिल्लीत तुझा आधार होता हो त्याला." "त्याला दे फोन," मानस म्हणाला.

"धवल, तुझा वैद्य उठलाय."

"अच्छा. किती वर्षांचा?"

"वीस. पहिल्यासारखा."

"मी तीस," धवल म्हणाला आणि फोन आईकडे दिला.

तर बेरीज अशी: कंपनीचं काही गेलं नाही, मानसला टीम मिळाली, वैद्याला अख्खं आयुष्य परत मिळालं. चौथा अटेम्प्ट धवलच्या नावावर खर्ची पडला.