दिवाबाबांची सोडत

"विझला! विझला!"

गृहनिर्माण कार्यालयाच्या कोंदट हॉलमध्ये एकच गलका झाला. टेबलावरच्या दिव्यासमोर उभा राहिलेला सुतार हात जोडून होता तसाच राहिला. दिवाबाबांनी मात्र मिटलेले डोळे उघडायचेही कष्ट घेतले नाहीत.

"मी नाही बोलत लेकरा, ज्योत बोलते. मन साफ नाही तुझं. दिवा लावा रे, पुढचं नाव घ्या!"

सरकारी घरं सोडतीनं द्यायची, हा नियम. पण मोठ्या साहेबांची बाबांवर भारी भक्ती. चिठ्ठ्यांत लबाडी होते, ज्योतीत होत नाही, असं म्हणत त्यांनी बाबांनाच कचेरीत आणून बसवलं. नाव पुकारलं की दिव्यासमोर उभं राहायचं; दिवा तेवत राहिला तर घर, विझला तर नाही. ज्योतीला वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद, दाराला आतून कुलूप आणि किल्ली साहेबांच्या खिशात.

मागच्या रांगेत शाळेतल्या सायन्सच्या बाई वडिलांना धरून बसल्या होत्या. वडिलांची छाती आधीच अधू, त्यात हा धुपाचा धूर. भिंतीवरचा एक्झॉस्ट फॅन नुसता घरघरत होता.

"मला बाहेर ने गं," वडील कासावीस होऊन म्हणाले.

"दार उघडत नाहीत पपा. उठून गेलं तर नावही खोडतील."

त्यांची इमारत धोकादायक ठरून पाडायला निघाली होती. आज घर मिळालं नाही तर या आजारी माणसाला घेऊन जायचं कुठं? आणि दिवा विझत होता तो नेमका बाबांच्या पंथाबाहेरच्यांचाच. सुताराचा विझला, नर्सचा विझला, आता बाईंचाही विझणार होता. ओरडावं तर "परक्या धर्माची बाई आमच्या देवावर उठली" म्हणून लोक अंगावर येणार. गप्प बसावं तर रस्त्यावर.

"बंद खोलीत वारा येणार कुठून?" पुढचा एकजण कौतुकानं म्हणाला. "चमत्कारच हा!"

बाई धुराकडे बघत राहिल्या. दिवा विझायच्या आधी धूर आडवा होत होता, दर वेळी बाबांच्या पाठीमागच्या पडद्याकडून फॅनकडे. त्या पडद्यामागे काय होतं? या कचेरीत हेलपाटे घातलेल्या कुणालाही ठाऊक होतं: रेकॉर्ड रूममधून फायली सरकवायची छोटी खिडकी. फॅन हवा बाहेर फेकतो, तेवढी हवा कुठून तरी आत यायलाच हवी. खोली जितकी घट्ट बंद, तितकी एखादी फट जोरानं फुंकर मारणार. पण फुंकर कुणावर मारायची, हे ठरवतं कोण? बाबांचे डोळे मिटलेले. ती खिडकी उघडणाऱ्या पडद्याआडच्याला माणूस दिसत नाही. त्याला ऐकू येतं ते फक्त नाव!

शेजारी त्यांच्याच इमारतीतल्या आत्याबाई बसल्या होत्या. बाबांच्या पंथातल्या, कट्टर भक्त. त्यांची ज्योत मघाशी जराही हलली नव्हती.

"आत्याबाई, माझं नाव आलं की माझ्याऐवजी तुम्ही उभ्या राहाल?"

"राहीन की! माझ्यासमोर विझायची काय बिशाद त्याची? तुझ्या पपांचं तरी भलं होऊ दे."

नाव पुकारलं. आत्याबाई तरातरा गेल्या, भक्तीनं हात जोडले. धूर आडवा झाला, आणि दिवा विझला.

"पापी मन!" बाबा मिटल्या डोळ्यांनी कडाडले. "ही बाई देव मानत नाही!"

"मी?" आत्याबाई किंचाळल्या. "अहो, डोळे उघडा! मघाशी मला पुण्यवान म्हणालात ना?"

बाबांनी डोळे उघडले आणि पुन्हा मिटले. हॉलमध्ये कुणीतरी फिसकन हसलं.

"आत्याबाई, मागचा पडदा ओढा!" बाई उभ्या राहून ओरडल्या.

आत्याबाईंनी पडदा ओढला. खिडकीच्या झडपेवर हात ठेवून बाबांचा भाचा तोंड वासून उभा होता. बाईंनी फॅन, फट, नाव सगळं भराभर सांगून टाकलं. सुतारानं फॅन बंद केला, भाच्याला झडप उघडायला लावली. पुन्हा लावलेला दिवा संथ तेवत राहिला.

"हा श्रद्धेचा प्रश्न आहे," साहेब घाम पुसत पुटपुटले.

"श्रद्धा माझी आहे, ती मी माझ्या घरी सांभाळते," आत्याबाई कडाडल्या. "तुम्ही माझ्या देवाला कारकून केलंत हो! तोही भेदभाव करणारा! लाज नाही वाटत? किल्ली काढा आधी!"

दार उघडलं. वडिलांनी छाती भरून श्वास घेतला. लोकांनी साहेबांना तिथल्या तिथं चिठ्ठ्या करायला लावलं, एक रिकामा डबा आणला. आत्याबाईंनी मिळालेलं घर सोडून स्वतःची चिठ्ठीही त्यात टाकली.

मंडळी, देव ज्यानं त्यानं आपापल्या घरी खुशाल पुजावा. पण जिथं सगळ्यांचा हक्क ठरतो, त्या कचेरीत कुणा एकाच्या देवासाठी टेबल मांडू देऊ नका. आणि कुणी मांडलंच, तर हात जोडायच्या आधी पडद्यामागे बघा.

"आपली चिठ्ठी निघेल का गं?" वडिलांनी विचारलं.

"माहीत नाही पपा," बाई म्हणाल्या. "पण आता ती डब्यात तरी आहे."