पायावरची रेघ

प्लमच्या झाडाची वाळकी फांदी तोडताना माझ्या नवऱ्याने, मिलोयेने, कुऱ्हाड स्वतःच्याच नडगीवर मारून घेतली. दवाखान्यातल्या नर्सने सहा टाके घातले आणि मला बजावलं, "रोज बघा. लाली आटत गेली तर ठीक. पसरली, वास आला, ताप आला, तर लगेच घेऊन या."

घरी पोचल्यावर नवरोबांनी आधी घरच्या दारूची, रकियाची, बाटली काढली. आमच्या गावात रकियावर देवापेक्षा जास्त भरवसा. एक घोट जखमेला, दोन घोट स्वतःला, असं रोज चाललं.

"झोंबतंय म्हणजे भरून येतंय," तो म्हणायचा.

"तुझ्या डोक्यावरही ओत थोडी!"

मी वाकून वास घ्यावा, तर रकियाचाच वास. कपाळ गरम लागावं, तर म्हणे, प्यायलोय ना! चौथ्या संध्याकाळी मी चटणीच्या बरण्यांवर साल लिहायचं निळं पेन घेतलं आणि लालीच्या कडेने रेघ ओढली.

सकाळी लाली रेघेच्या आतच होती. माझा जीव भांड्यात पडला. मी कॉफी उकळायला ठेवली, आणि मग आठवलं. रात्री रेघ मी नडगीवरच्या तिळाच्या खालून, तीळ बाहेर ठेवून नेली होती. आता तीळ रेघेच्या आत होता.

"मिलोये, माझी रेघ पुसून ही नवी कुणी काढली?"

त्याने रिकामा कप बाजूला सारला. मग म्हणाला, "त्याच दवाखान्यात बाबा दोन पायांवर चालत गेले होते. परत आणले तेव्हा एकच पाय होता."

कप त्याच्या डोक्यात घालावा इतका राग आला होता मला. पण चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस घाबरलेला मी कधी पाहिला नव्हता. मी त्याच्या शेजारी बसले.

"बाबांनी जखम घरात किती दिवस लपवली होती?"

"तीन आठवडे."

"मग पाय कुणी नेला? दवाखान्याने, की त्या तीन आठवड्यांनी?"

तो उठून बूट शोधायला लागला. सुजलेल्या पायात बूट चढेना, म्हणून माझी चप्पल घालून शेजाऱ्याच्या गाडीत बसला. डॉक्टरांनी टाके उघडून पू काढला, सहा दिवस ठेवून घेतलं. पाय वाचला.

आता रोज संध्याकाळी तो आपणहून पाय स्टुलावर ठेवतो आणि पेन माझ्या हातात देतो.

"तूच काढ," म्हणतो. "माझ्या रेघेवर माझा भरवसा नाही."