मालकाचा रकाना

सकाळची धार काढून झाली की ताई करडांच्या खोपटाचं फळकूट उचलायची आणि मग एकच गोंधळ उडायचा. अकरा करडं एकमेकांच्या अंगावरून उड्या मारत आपापल्या आईच्या कासेला झोंबायची. एक पांढरं करडू तर रोज ताईच्या पदरालाच लुचायचं. "अरे वेड्या, तुझी आई तिकडे!" म्हणत ती त्याला उचलून योग्य जागी नेऊन सोडायची.

नवरा गेल्यावर ती माहेरी आली, तेव्हा सोबत एक गाभण शेळी होती. सहा वर्षांत त्या एकीच्या चौदा दुभत्या झाल्या. अडलेल्या शेळीची सुटका करण्यापासून सुजलेली कास शेकण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. घर त्या दुधावर चालत होतं. धाकटा भाऊ गोठ्यात फिरकायचा तो पाहुण्यांना शेळ्या दाखवण्यापुरता.

त्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरीणबाई शेळ्यांच्या कानात नंबरचे बिल्ले मारायला आल्या होत्या. बिल्ल्याची नोंद ज्याच्या नावावर, जनावर त्याचं. फॉर्म भावाने आधीच भरला होता. "तुझ्या डोक्याला ताप नको ताई, मी बघतो," असं तो म्हणाला, तेव्हा तिला त्याचं केवढं कौतुक वाटलं होतं!

ताई एकेक शेळी गुडघ्यांत धरायची, तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटायची आणि डॉक्टरीणबाई चिमटा दाबायच्या. सात झाल्या. बाईंनी भावाला हाक मारली, "मालक, तोवर इथे सही करा."

ताई हसली. "मालक कुठला? कुठलं करडू कुणाचं, तेही ठाऊक नाही त्याला."

"फॉर्मवर तर यांचंच नाव आहे."

ताईने मालकाचा रकाना दोनदा वाचला. "हे काय रे?"

"अगं, उद्या गिऱ्हाईक येतंय," भाऊ खाली बघत म्हणाला. "दुभत्या सगळ्या नेणार. मला दुकान टाकायचंय."

"आणि करडं? तीन आठवड्यांची आहेत, पाल्याला तोंड लावत नाहीत अजून!"

"बाटलीने पाज. तुला जमतं सगळं."

ताईने ओसरीवर धान्य निवडणाऱ्या आईकडे पाहिलं. आता ही त्याला फैलावर घेईल, असं तिला वाटलं. आईने मान वर केली नाही.

"मीच सांगितलं त्याला. बाईच्या नावावर कशाला काय ठेवायचं? माझं नाव कधी कशावर होतं? माझं काय अडलं?"

भावाने केसाने गळा कापला, हे ताईने एकवेळ गिळलं असतं. पण सकाळी याच आईने तिच्या हातात चहाचा कप दिला होता आणि "आज शेळ्या नीट धर हो," असं बजावलं होतं.

ताईने गुडघ्यांची पकड सोडली. आठवी शेळी निसटली. भाऊ तिला धरायला धावला, तर तिने अशी धडक दिली की तो लेंड्यांत बसला. "ताई, धर की गं!"

"धर पोरी," आई म्हणाली. "भावासाठी एवढं कर."

"सहा वर्षं भावासाठीच करत होते, आई." ताईला रडू फुटलं. "फक्त मला ते कुणी सांगितलं नव्हतं."

डॉक्टरीणबाईंच्या पिशवीत भरलेल्या फॉर्मांचा गठ्ठा होता. घरोघरी शेळी धरायला बाई पुढे आली होती आणि सहीला पुरुष. जनावर खरं कुणाचं, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी हातातला फॉर्म आडवा-उभा खोडला आणि कोरा काढला.

"चुकलं माझं. या शेळ्या कुणाच्या?"

"माझ्या," ताई म्हणाली आणि तिने आपलं पूर्ण नाव सांगितलं. आई सूप तसंच टाकून आत गेली आणि तिने आतून कडी लावली.

शेळ्या ताईच्या नावावर झाल्या आणि त्याच घटकेला तिचं माहेर तुटलं. आपल्याच कष्टांवर आपलं नाव मागितलं म्हणून लेकीला आईचं दार बंद व्हावं, ही कसली माया? ज्यांच्या घरात सगळे कागद पुरुषांच्या नावाचे आहेत, त्यांनी आज जेवायला बसण्यापूर्वी स्वतःला हे विचारावं.