रिकामं ठेवलेलं टेबल

विमानतळावर दादा आला नव्हता. त्याच्याऐवजी एक ड्रायव्हर उभा होता, हातात पुठ्ठा, आणि पुठ्ठ्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं: ‘बेबी’. शेंडेफळ म्हणून लहानपणी चिकटलेलं नाव. आता ती सेहेचाळीस वर्षांची होती, दातांच्या लॅबमध्ये बावीस वर्षं कवळ्या आणि कॅप घडवत आली होती, हाताखाली सहा माणसं होती. आणि अख्ख्या विमानतळादेखत बेबी! बेबीचं डोकं तिथूनच फिरायला लागलं.

“चार तासांचं तर विमान,” दादा फोनवर म्हणाला होता. “आपल्याच आशियातलं शहर, आपल्यासारखीच माणसं. तुला काही म्हणजे काही वेगळं वाटणार नाही. आणि हे बघ, माझ्या लॅबमधलं सिरॅमिकचं टेबल मी तुझ्यासाठी रिकामं ठेवलंय. तुझ्या तोडीचा हात इथे कुणाचा नाही.” त्या एका वाक्यावर तिने नोकरी सोडली, खोली सोडली, शेजारणीला फ्रिज देऊन टाकला आणि मेणाच्या सुऱ्या, ब्रश, भिंग असं सगळं हत्यारांचं बोचकं सामानात भरून निघाली.

गाडीच्या काचेतून शहर दिसत होतं आणि काही केल्या वाचता येत नव्हतं. पाट्याच पाट्या. कुठलं औषधांचं दुकान, कुठली बँक, कुठली शाळा, काही पत्ता नाही. अक्षरं नुसती वळवळत होती. इतकी वर्षं डॉक्टरांचं गिचमिड अक्षर वाचणारी बाई एका दुपारीत अंगठाबहाद्दर झाली. सिग्नलला शेजारी थांबलेला स्कूटरवाला तिच्याकडे बघून हसला. बेबीने काच वर केली.

सतराव्या मजल्यावर वहिनीने दार उघडलं.

“आलात वन्सं! बरं झालं बाई. हात धुऊन घ्या पटकन, आईला भरवायची वेळ झालीय. मला मीटिंगला बसायचंय.”

वहिनी एका जहाज कंपनीच्या कचेरीत होती, अर्धं काम घरून करायची. तिने ‘वन्सं’ म्हटलं की काहीतरी गळ्यात पडणार, हे बेबीला लग्नमांडवापासून ठाऊक होतं. आत गेल्यावर कळलं. तिची म्हणून दाखवलेली खोली वहिनीच्या आईची, मावशींची, होती. मावशींचा उंच लोखंडी पलंग, त्याला टेकून बेबीची अरुंद कॉट, उशाशी डायपरचा गठ्ठा. खिडकी चार बोटं उघडायची, त्यापुढे सळई. हत्यारांचं बोचकं कॉटखाली गेलं.

दादा संध्याकाळी आला, पाठीवर थाप मारून म्हणाला, “आधी जरा रुळ. लॅब काय, पळून जातेय?”

आठ दिवस ती रुळली. म्हणजे काय, तर मावशींना उठवलं, पुसलं, कूस बदलली, भरवलं. त्यातही भरवणं म्हणजे लढाई. मावशी घास गालात धरून ठेवायच्या आणि मग थू करून टाकायच्या. एकदा तर बेबीच्या बोटालाच चावल्या. वहिनी दारातून डोकावून म्हणायची, “हट्टी आहे हो ती, पहिल्यापासून. दटावा तिला.” दुपारी अर्धा तास सुटका मिळाली की बेबी खाली उतरायची. लिफ्टमधली अदृश्य बाई प्रत्येक मजल्याला काहीतरी गोड बोलायची, तिच्याही तोंडावर एक ठेवून द्यावीशी वाटायची. रस्ता ओलांडायला माणसं नुसती चालायला लागत आणि गाड्या त्यांना वळसा घालून जात. बेबी कडेला उभीच. एकदा एका म्हातारीने तिचा दंड धरून तिला पलीकडे नेऊन सोडलं, पोराला सोडावं तशी. आभार मानायलाही शब्द नव्हता. पलीकडे तिला काही कामही नव्हतं. परत यायला वीस मिनिटं लागली.

रोज रात्री जेवताना ती विचारायची, “लॅबला कधी नेतोस?” आणि दादा घास चावत म्हणायचा, “या आठवड्यात जरा गडबड आहे.”

नवव्या दिवशी सकाळी मावशींचं तोंड पुसताना त्यांनी एकदम कळवळून मान फिरवली. बेबीचा हात थांबला. हात कामाला लागायच्या आधी डोळे कामाला लागले.

“मावशी, आ करा बघू. मोठा. कवळी काढते मी.”

खालची कवळी निघाली आणि डाव्या बाजूला हिरडीवर जखम दिसली, मसुराच्या दाण्याएवढी, कडा पांढऱ्या पडलेल्या. आजची नव्हती ती. कवळी बेबीने उजेडात धरली. कड लांब ठेवलेली, आतून घासूनपुसून घेतलेली नाही. घाईने उरकलेलं काम. आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरांत, दादाच्या टेबलावरच्या खोक्यांवर होता तोच, त्याच्या लॅबचा क्रमांक.

बेबीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जावयाची दातांची लॅब आणि सासूच्या तोंडात व्रण! आणि वर ही म्हातारी हट्टी!

“किती दिवस दुखतंय?”

“दिवस कसले,” मावशी बोळक्या तोंडाने म्हणाल्या. नऊ दिवसांत पहिल्यांदा त्या सरळ बोलत होत्या. “पाऊस होऊन गेला एक, सहा महिने झाले. सांगितलं दोनदा. जावई म्हणाले, सवय होईल.”

“मग इथे राहिलात कशाला?”

“महिनाभर म्हणून आणलंय गं मला. तीन वर्षं झाली.” मावशींनी तिच्याकडे नीट पाहिलं. “तुला काय सांगून आणलं?”

बेबी उठली, वहिनीच्या आरशापुढची लाल लिपस्टिक उचलून आणली, काडीने थोडी घेऊन जखमेवर हलकेच टेकवली आणि कवळी परत बसवली. मावशी विव्हळल्या. काढली, तर आतल्या बाजूला लाल ठिपका उमटला होता, नेमकी जिथे ती टोचत होती तिथेच. चोर सापडला होता.

“वहिनी, मी लॅबला जातेय.”

वहिनीने कानातला इअरफोन काढला. “आत्ता? आणि आईचं जेवण?”

“दात नाहीत त्यांना. मी घेऊन चाललेय.”

एका हातात कवळीचा डबा, दुसऱ्या हातात हत्यारांचं बोचकं आणि दादाच्या टेबलावरून उचललेला लॅबचा एक रिकामा खोका, कारण त्यावर पत्ता छापलेला होता. बस चुकली. दुसरी मिळाली ती उलट्या दिशेची. कंडक्टर बाईने खोका वाचला, कपाळाला हात लावला आणि पुढच्या थांब्यावर तिला उतरवून बोटाने समोरची बाजू दाखवली. एका चष्म्याच्या दुकानात तिने पुन्हा खोका पुढे केला. दुकानदाराने काय आहे म्हणून चुकून डबाच उघडला आणि लालभडक डाग पडलेली कवळी बघून दोन पावलं मागे सरला. मग बेबीकडे बघितलं, दुकानाला तसंच सोडून बाहेर आला आणि तिला कोपऱ्यापर्यंत चालत पोचवून गेला. माणूस भला होता. पण बेबी इतकी पेटलेली होती की त्याचाही तिला रागच आला. सख्खा भाऊ नऊ दिवसांत जे करत नव्हता ते या परक्याने का करावं?

लॅब दुसऱ्या मजल्यावर होती. जिना चढतानाच मेण आणि प्लास्टरचा तो ओळखीचा वास आला. आत आठ टेबलं. आठही भरलेली. सिरॅमिकच्या टेबलावर, भट्टीशेजारी, एक तरुण मुलगी ब्रशने दाताला रंग चढवत होती. टेबलाच्या काचेखाली तिच्या घरच्यांचे फोटो. कडा पिवळ्या पडलेले. ते टेबल रिकामं कधी नव्हतंच.

दादा केबिनमधून बाहेर आला. “बेबी? तू? इथे कशी आलीस?”

“विचारत विचारत आले. टेबल कुठंय माझं?”

“अगं, आत चल, बसून बोलू.”

“उभी राहूनच बोलते. कुठंय?”

आठही माणसांचे हात थांबले. भाषा कुणाला कळत नव्हती, पण भांडण कळायला भाषा लागत नाही. दादाने आवाज खाली आणला.

“हे बघ, ते लगेच नाही होत. तुझा परवाना त्या कामाचा नाहीये.”

“मग कुठल्या कामाचा आहे?”

दादाने केबिनचं दार उघडून धरलं.

“येण्याआधी मी सही केलेल्या कागदावर काय लिहिलंय, दादा? मला वाचता येत नाही इथलं. तू वाचून दाखव.”

“घरकाम,” दादा म्हणाला. “रुग्णाची देखभाल आणि घरकाम. अगं, तो लवकर मिळतो म्हणून! कागदाचं काय एवढं? आपलं घर आहे, परकं आहे का? तुझी वहिनी दमते. बाहेरची बाई ठेवली तर आईंना आवडत नाही. तू एकटीच होतीस तिकडे. म्हटलं, तुलाही सोबत होईल.”

एकटीच होतीस. बेबीला वाटलं, हातातला डबा त्याच्या टाळक्यात घालावा. बावीस वर्षं, सहा माणसं, डॉक्टरांचे ‘ताई, एवढं तुम्हीच करा’ म्हणून येणारे फोन, हे सगळं याच्या लेखी ‘एकटीच’ होतं.

तिने डबा उघडला. “हे कुणी केलं?”

“काय?”

“तुझ्या सासूची कवळी. तुझा क्रमांक आहे मागे. त्यांच्या तोंडात सहा महिन्यांचा व्रण आहे आणि तू त्यांना सांगितलंस सवय होईल. कवळीवाला तू, दादा! दुसरा कुणी बोलला असता तर तू त्याला कामावरून काढला असतास.”

दादाचा चेहरा उतरला. त्याला खरंच माहीत नव्हतं, की माहीत करून घ्यायचं नव्हतं, देव जाणे. बेबी थांबली नाही. दाराजवळच्या टेबलावर एक मधल्या वयाचा कारागीर बसला होता, त्याला तिने खुणेने उठ म्हटलं आणि तो निमूटपणे उठला. तिने बोचकं सोडलं, भिंग डोळ्याला लावलं, मशीन पायाने चालू केलं. लाल ठिपक्यावर घासायचा बारीक दगड टेकवला. एक कण, पुन्हा एक कण. मग लांब कड घासून कमी केली, गोलाई दिली, पॉलिश चाकावर धरली. पंधरा मिनिटं त्या खोलीत दुसरं काही वाजलं नाही. भट्टीजवळची मुलगी येऊन मागे उभी राहिली. बेबीने कवळी पुसून उजेडात धरली तेव्हा त्या मुलीने बोटाने कड चाचपली आणि आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली. बेबीला कळलं नाही. दादाला कळलं. त्याने मान खाली घातली.

“ऐक,” बेबी म्हणाली. “या मुलीचं टेबल मला नकोय. ते तिचं आहे. मला माझ्या नावावर माझ्या कामाचा परवाना पाहिजे. तो येईपर्यंत मी तुझ्या घरातल्या भांड्याला हात लावणार नाही. मावशींचं करीन, ते त्यांच्यासाठी. आणि त्यांना घरी जायचंय. त्यांच्या माणसांना फोन तू करायचा की मी?”

“तू आता अती करतेस, बेबी.”

“अजून सुरुवातही केली नाही.”

घरी वहिनी रडली. म्हणाली, मी तरी काय करू, दोन्हीकडून मीच पिळली जाते, आईला तिकडे बघायला माझा भाऊ तयार नाही. तेही खरं होतं. बेबीने ऐकून घेतलं, पाण्याचा पेला दिला, पण शब्द मागे घेतला नाही. मावशींना तिने जखम बरी होईपर्यंत दहा दिवस मऊच भरवलं आणि अकराव्या दिवशी कवळी बसवली. मावशींनी आधी जिभेने चाचपलं. मग सफरचंदाची फोड मागितली. चावत बसल्या, बराच वेळ, डोळे मिटून.

परवान्याला पावणेतीन महिने लागले. दादाने अर्ज मुकाट्याने केला, कारण बेबी रोज सकाळी त्याच्याआधी तयार होऊन दारात उभी राहायची आणि काही बोलायची नाही. मावशींच्या धाकट्या बहिणीला फोन बेबीनेच केला. ती स्वतः येऊन त्यांना घेऊन गेली. जाताना मावशींनी बेबीचे दोन्ही हात आपल्या गालाला लावले आणि लेकीकडे मात्र वळून पाहिलं नाही. वहिनी ते अजून विसरलेली नाही, आणि त्याचा दोष ती बेबीलाच देते.

लॅबमध्ये बेबीसाठी नववं टेबल आलं, खिडकीच्या कोपऱ्यात. ती लॅबपासून तीन थांब्यांवर एका खोलीत राहते. दादाने माफी अशी मागितली नाही. एकदा अवघड काम तिच्यापुढे ठेवून म्हणाला, “हे तुलाच जमेल.” बेबी म्हणाली, “ठेव.” दोघं दिवसभर एकमेकांकडे पाठ करून बसतात. कामापुरतं बोलतात. माणसं म्हणतात, राग कालांतराने निवतो. बेबीला तशी घाई नाही.