आत्याबाईचा घसा

मित्रांनो, मी एक जुनं चिपर मशीन आहे आणि मला त्याची जराही लाज वाटत नाही. झाडाच्या छाटलेल्या फांद्या खायच्या आणि त्यांचा भुगा करायचा, हा माझा धंदा. अंगावर नारिंगी रंग होता, आता निम्मा रंग आणि निम्मा गंज. खाली दोन चाकं, पुढं ट्रकला अडकवायचा दांडा, मागं भलंमोठं तोंड आणि तोंडात पोलादी दाढा. डोक्यावर वाकडी नळी आहे, तिच्यातून भुगा ट्रकात उडतो. मांडीएवढी फांदी मी तुमची जांभई पुरी व्हायच्या आत संपवते. खोटं वाटत असेल तर घेऊन या एखादी.

'संपवते' म्हटलं म्हणून चमकलात का? व्याकरणानं मी 'ते यंत्र'. पण ज्या टोळीत मी सोळा वर्षं काढली, तिनं मला पहिल्याच दिवशी बाईमाणूस करून टाकलं. तो किस्सा सांगते.

त्याआधी जन्माचं सांगायला हवं. कारखान्यात तपासणी करणाऱ्या बाईंनी मला पहिल्यांदा सुरू केलं, तेव्हा पलीकडच्या खोलीतली माणसं काय कोसळलं म्हणून बघायला आली. बाईंनी स्वतःच्या कानांवर जाड झापडं चढवली होती. त्यांनी आवाज मोजला, मान हलवली आणि माझ्या कपाळावर एक निळं गोल चित्र चिकटवलं. चित्रात एक डोकं होतं आणि त्या डोक्याच्या दोन्ही कानांवर झापडं. तसल्याच झापडांचा एक जोड पिशवीत घालून माझ्या दांड्यालाही बांधला. कपाळाला टिकली, गळ्यात हार! लग्न ठरलेल्या मुलीसारखी मी ऐटीत निघाले.

मला घेतलं ते काकांच्या टोळीनं. ही माणसं झाडं तोडणारी नव्हेत बरं का, ही झाडांचे डॉक्टर. कुठली फांदी सुकली, कुठली घरावर येणार, कुठली ठेवायची, हे ठरवून ती छाटतात. काका टोळीचे मुख्य. त्यांची मिशी भरघोस आणि कान त्याहून तयार. लाकडी हातोडीनं ते खोडावर ठकठक करायचे, कान लावायचे आणि सांगायचे, "इथं आत पोकळ आहे. दोर इथं बांधू नका." सोळा वर्षांत त्यांचं निदान चुकलेलं मी पाहिलं नाही. म्हणजे, एकदा सोडून, आणि तेही झाडाचं नव्हे.

वर चढायची त्यांची पुतणी. शेंड्यापर्यंत सरसर जाते म्हणून तिला सगळे खार म्हणतात. आणि माझ्या तोंडात फांद्या घालायचा खारीचा नवरा, म्हणजे टोळीचे जावईबापू. लग्नात त्याला शब्द दिला होता की आमच्याकडं जावयाला हात धुवायलासुद्धा उठावं लागत नाही. शब्द पाळला गेला, कारण त्याला हात धुवायला वेळच मिळत नाही.

तर पहिल्या दिवशी काकांनी माझं बटण दाबलं आणि मी गळा काढला. शेजारच्या तीन घरांच्या खिडक्या धडाधड बंद झाल्या. काका खूश! "अरे, हा तर थेट माझ्या आत्याबाईचा घसा! ती स्वयंपाकघरात 'वाढलंय' म्हणाली की गल्लीच्या टोकाची माणसं हात धुऊन यायची."

"आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं की!" खार काकांच्या मिशीकडं बोट दाखवून म्हणाली, आणि सगळे पोट धरून हसले. त्याच भरात काकांनी पांढरा रंग आणला आणि माझ्या कपाळावर ठळक अक्षरांत 'आत्याबाई' लिहिलं. लिहिलं ते नेमकं त्या निळ्या चित्रावर. झापडांची पिशवी ट्रकच्या सीटखाली गेली आणि पुढं तिच्यात एक उंदरीण बाळंत झाली.

काय दिवस होते ते! आमच्यात दोन करवती होत्या, थोरली आणि धाकटी, दोन्ही पेट्रोलवर चालणाऱ्या. थोरली बोलायला जड, सात हिसके दिल्याशिवाय तोंड उघडायची नाही. धाकटी मात्र चुरचुरीत. खारीच्या कमरेला लटकून वर जायची आणि वरून मला हिणवायची, "काय आत्याबाई, आमचं उष्टंच खाता ना?" मी म्हणायचे, "बाळे, तू चावतेस, मी पचवते. नुसतं चावून कुणाचं भलं झालंय?" एकदा वादळात निलगिरीचं अख्खं झाड रस्त्यावर आडवं पडलं. सकाळी सुरुवात केली आणि दुपारी रस्ता मोकळा करून दिला. पहिल्यांदा गेली ती रुग्णवाहिका. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या कुणासाठी होत्या हे मी विचारत बसले नाही.

काका दिवसभर माझ्याशेजारी उभे असायचे, उघड्या कानांनी. जावयानं पहिल्याच आठवड्यात कानात बोळे घातले, तर काका हसले. "काय जावईबापू, आत्याबाईचं बोलणं कानाआड करता होय?"

"नाही हो काका. या कानानं ऐकतो, त्या कानानं सोडतो. मधे फक्त बोळा ठेवलाय."

हसण्यावारी गेलं ते. मीही हसले, मी काय सोवळी होते? माझ्या आवाजावर माणसं फिदा आहेत, असंच मला वाटायचं.

आता आमच्या कामातले दोन शब्द समजून घ्या. मोठी फांदी छाटली की ती धाडकन खाली पाडून चालत नाही. आधी तिला दोर बांधतात. तो दोर वरच्या कप्पीतून खाली येतो, बुंध्याला आवळलेल्या लोखंडी खुंटाला तीन वेढे घेतो, आणि त्याचं टोक काकांच्या हातात. वरून खार ओरडते, "धर!" की काकांनी आवळायचं. "सोड!" की हळूहळू ढील द्यायची. बस्स, दोनच शब्द. खारीचा जीव त्या दोन शब्दांवर.

गेल्या वर्षी एका शाळेच्या आवारात आम्ही काम घेतलं. शिरीषाचं जुनं झाड होतं, त्याची मोडकी फांदी वर्गांच्या छपरावर लोंबत होती. काकांनी खोडावर हातोडी मारली. पुन्हा मारली. बराच वेळ कान लावून उभे राहिले आणि खारीला म्हणाले, "तुला काय वाटतं?" हा प्रश्न ते हल्ली फार विचारायचे. खारीला वाटायचं, काका आपल्याला शिकवताहेत. "घट्ट वाटतंय," ती म्हणाली आणि वर गेली.

दुपारी माझ्या दाढेत तार अडकली. कधीकाळी कुणीतरी त्या झाडाला कुंपण बांधलं होतं, ते फांदीनं गिळलेलं. जावयानं मला बंद केलं, चावी काढून खिशात घातली आणि माझा जबडा उघडून तो तार ओढत बसला. दहा मिनिटं अशी शांतता की वरच्या साळुंक्यांचं भांडणसुद्धा शब्द न् शब्द ऐकू येत होतं.

वर खारीनं हातकरवतीनं शेवटची फांदी कापली. फांदी दोरावर आली, गरकन फिरली, आणि तिचा एक दुबेळका, म्हणजे दोन फाट्यांचा बेचका, खारीच्या पायातल्या चढायच्या पट्ट्यात अडकला. आता फांदी खाली सरकली असती तर तिचं सगळं वजन त्या एका पायावर आलं असतं. खार ओरडली, "काका, सोडू नको!"

मित्रांनो, आपल्या भाषेत नकार मागून येतो. 'सोडू' आधी आणि 'नको' नंतर. चांगल्या कानाला दोन्ही पोचतात. काकांपर्यंत पोचलं ते फक्त 'सोड'.

त्यांनी ढील दिली.

खारीची किंकाळी मी आजही विसरले नाही. जावयानं पाना भिरकावला, माझ्या तोंडातून उडी मारून दोरावर झेप घेतली आणि काकांच्या हातांवर आपले हात आवळले. दोर थांबला. दोघं दात-ओठ खाऊन धरून राहिले आणि वर खारीनं कमरेची हातकरवत काढून तो दुबेळका कापला. फांदी सुटली. मग खार उतरली, लंगडत. घोटा सुजून टम्म झाला होता, पण मोडला नव्हता.

"ऐकलं नाहीस?" ती कडाडली. "सोडू नको म्हणाले मी, सोडू नको!"

काकांचा चेहरा लालभडक झाला. "कसं ऐकू येणार? ही बया कानाशी बोंबलतेय सारखी! आधी बंद करा तिला!"

जावयानं खिशातून चावी काढली आणि तळहातावर धरली.

"काका," खार एकदम हळू आवाजात म्हणाली, "आत्याबाई बंद आहे."

काका माझ्याजवळ आले. त्यांनी माझ्या गालावर हात टेकला. मी चालू असते तेव्हा माझ्या अंगावर ठेवलेला पाना टपकन खाली पडतो, इतकी मी थरथरते. त्या वेळी मी दगडासारखी गप्प होते.

"कधीपासून?" खारीनं विचारलं. दोनदा विचारावं लागलं.

"दीड वर्ष झालं. घरीही चालूच असते ही. जेवताना, झोपताना. तुझ्या काकूला विचारतो, कुठं चिपर चालू आहे गं? ती म्हणते, कुठं काय." मग काकांनी खाली बघितलं. "खोडावर हातोडी मारतो ना, तेव्हाही हिचाच आवाज येतो."

म्हणजे खार ज्या झाडावर चढली होती, ते काकांनी ऐकलंच नव्हतं. तिनं त्या झाडाकडं पाहिलं. "अरे, मग सांगायचं नाही का?"

"सांगून काय करू? कान गेला तर मी नुसता मिशीपुरता काका उरलो."

मित्रांनो, मला शरम वाटली. ज्या घशाचा मी इतकी वर्षं तोरा मिरवला, त्यानंच माझ्या माणसाचा कान खाल्ला होता. पण मी कुणाला फसवलं नव्हतं. मी तर कपाळावर लिहून घेऊन आले होते. खारीला काय सुचलं कोण जाणे, तिनं चाकू काढला आणि माझ्या कपाळावरचा रंग खरवडायला लागली. 'आत्या' गेलं, 'बाई' गेलं, आणि खालून ते निळं डोकं बाहेर आलं, दोन्ही कान झाकलेलं.

काका चार दिवस आलेच नाहीत. "मला मोडीत काढा," असा निरोप धाडला. पाचव्या दिवशी खारच लंगडत त्यांच्या घरी गेली आणि त्यांना धरून घेऊन आली. ट्रकमधून उतरतानाही तिचं चालूच होतं, त्यांच्या तोंडासमोर जाऊन, ठासून, "मोडीत काढायला तू काय लोखंड आहेस? कान नाहीत तर डोळे दे. फांदी कुठं फिरणार हे तुझ्याइतकं कुणाला कळतं?"

त्या दिवसापासून रीत बदलली. दोर आता जावयाच्या हातात असतो. काका दोघांना दिसतील असे मधे उभे राहतात, नजर सतत वर. त्यांची मूठ मिटली की धर, हात उघडला की सोड. आणि झाडावरून 'नको' म्हणायला बंदी आहे. जे हवं तेच म्हणायचं. थांबायचं असेल तर 'धर'.

राहिलं खोडाचं निदान. एका सुरूच्या झाडाशी खार हातोडी मारत होती, तेव्हा काकांनी सहज खोडाच्या पलीकडच्या बाजूला तळहात टेकला, तसाच, जसा माझ्या गालावर टेकला होता. "पुन्हा मार," ते म्हणाले. तिनं मारली. "जरा वर. हां, इथं पोकळ आहे. हाताला मुंग्या येत नाहीत इथं." खारीनं कान लावून खात्री केली. पोकळच होतं! काकांनी मिशीला असा पीळ दिला, की धाकटी करवत म्हणाली, "आत्याबाई, मिशा असाव्यात तर अशा."

माझं नावही परत आलं. काकांनीच ते लिहिलं, पण चित्र सोडून, बाजूला. चित्राखाली चार खुंट्या बसवल्यात. त्यांवर चार जोड झापडं असतात, चौथा पाहुण्यांसाठी. कामावर जितकी माणसं, तितक्या खुंट्या रिकाम्या दिसल्याशिवाय जावई मला चावी लावत नाही. काकांचा कान काही परत आला नाही. त्यात आता छोटं मशीन बसवलंय, त्यानं बोलणं बरंचसं कळतं, पण त्यांच्या डोक्यातली ती दुसरी आत्याबाई अजून गप्प होत नाही. रोज काम संपलं की ते माझ्या गालावर हात ठेवतात आणि विचारतात, "बंद आहेस ना गं?" मी तेव्हा अगदी निश्चल उभी राहते. तेवढंच उत्तर मला देता येतं.

तेव्हा मित्रांनो, माझं एवढं ऐका. दाढा माझ्या अजून शाबूत आहेत, आणखी दहा वर्षं जंगलभर फांद्या पचवीन. कितीही फांद्या घेऊन या, मी नाही म्हणणार नाही. पण आधी कान झाका, आणि मगच माझ्या तोंडी लागा.